उत्तर मुंबई: सेफ सीट, पण कुणासाठी?

गोराईचा_वारा (धागाकर्ता)
२०१९ च्या लोकसभेला भाजपचे गोपाळ शेट्टी इथून ४ लाख ६५ हजारांच्या फरकाने निवडून आले. २०२४ ला त्यांचंच तिकीट कापलं, पीयूष गोयल आले आणि तेही साडेतीन लाखांनी जिंकले. म्हणजे उभा कोण आहे याने दहिसर ते मालाड काडीचा फरक पडत नाही. आमच्या सोसायटीत स्लिपा वाटायला येणारा कार्यकर्ता तोच, पत्रकावरचा फोटो तेवढा बदलतो. बोरिवली विधानसभेचं तर विचारूच नका: २०१४ विनोद तावडे, २०१९ सुनील राणे, २०२४ संजय उपाध्याय. दर खेपेला नवा पाहुणा. इथल्या प्रश्नांसाठी झिजायची गरज कुणाला?

चारकोपकर
अजिबात पटलं नाही. पाहुण्यांचं कौतुक इथे जुनंच आहे. १९५७ आणि १९६२ ला उत्तर मुंबईने केरळच्या कृष्ण मेनन यांना निवडून दिलं, ६२ ला तर समोर आचार्य कृपलानी होते. लोक चिन्ह बघून मत देतात, तो त्यांचा हक्क आहे. शिवाय केंद्रात मंत्री असला की कामं होतात. राम नाईक आठवा.

गोराईचा_वारा
रामभाऊंचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. १९८९ ते १९९९ सलग पाच वेळा खासदार, पण त्याआधी तीन वेळा बोरिवलीचे आमदार! आधी माणूस इथला, मंत्रिपद नंतर.

वसई_रोड
दोघंही सोयीचं तेवढं आठवताय. तेच रामभाऊ २००४ ला पेट्रोलियम मंत्री असताना काँग्रेसच्या गोविंदाकडून (तोच, सिनेमातला) पडले. तेव्हा आमची वसई याच मतदारसंघात होती आणि गोविंदा विरारचा. (निवडून आल्यावर किती दिसला, ते सोडा.) २००८ च्या पुनर्रचनेत वसई, पालघर बाहेर गेले. आता सीट पक्की असं सगळे म्हणत होते, तरी २००९ ला काँग्रेसचे संजय निरुपम रामभाऊंविरुद्ध ५,७७९ मतांनी जिंकले. मनसेच्या उमेदवाराने दीड लाखाच्या आसपास मतं खाल्ली होती. सेफ सेफ म्हणताय, ती २०१४ पासूनची गोष्ट. त्याआधी १९७७ ला जनता पक्षाच्या मृणाल गोरे आणि १९८४ ला काँग्रेसही इथूनच जिंकली होती.

चारकोपकर
मतं फुटली म्हणून पडले, याला सीट डळमळीत म्हणत नाहीत.

वसई_रोड
मग मतं एकवटली म्हणून जिंकले, याला तरी पक्की कसं म्हणता?

मालवणी_गेट
मी मालाड पश्चिमेचा. आमच्याकडे २००९ पासून प्रत्येक विधानसभेला काँग्रेसचे अस्लम शेख. तीही सेफ सीटच, फक्त दुसऱ्या बाजूची. धागाकर्त्यांना ती बरी खुपत नाही!

गोराईचा_वारा
खुपते की. पण तिथे निदान माणूस तोच असतो. पाच वर्षांनी जाब विचारायला समोर सापडतो तरी. आमच्याकडे जाब विचारेपर्यंत गडी बदललेला असतो.