ब्रेथ ॲनालायझरवर दोनदा जास्त आलं, म्हणजे आकडा खरा का?

नदीकाठ:
धाकटा भाऊ शनिवारी रात्री नाकाबंदीत अडकला. चिठ्ठीवर ३४. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. जेवताना बिअर घेतली होती, हे तो कबूल करतो. शेवटचा घोट घेऊन निघाला आणि पाच मिनिटांत नाका लागला. पुन्हा फुंकायला लावलं, तर ३३. वकील म्हणतात, दोनदा आलं ना, मग दंड भरून मोकळे व्हा. पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू मला घ्यायची नाहीच. पण हे गणितात बसतं का?

तराजूवाला:
नाही बसत, ताई. माझी बावीस वर्षं प्रयोगशाळेत गेली. आमच्याकडचा एक तराजू कायम ४ मिलिग्रॅम जास्त दाखवायचा. दहादा वजन करा, दहाही आकडे जुळणार, आणि जुळले म्हणूनच आम्ही कित्येक दिवस त्याच्यावर विसंबलो. इकडेतिकडे हलणारी चूक पुन्हा मोजल्यावर कमी होते. एकाच बाजूला ओढणारी होत नाही. तेच मशीन, तोच माणूस, तोंडात तोच घोट. दुसरी फुंक हा दुसरा पुरावा कसा?

तोंडातली दारू निघून जायला पंधरा मिनिटं थांबावं लागतं. शिवाय मशीन रक्त मोजत नाही. श्वासातलं प्रमाण साधारण २१०० ने गुणून रक्ताचा अंदाज काढतं, आणि ते गुणोत्तर माणसागणिक बदलतं. आकडा १२० असता तर गुणोत्तरातल्या या फरकानं काही बिघडलं नसतं. ३४ ला बिघडतं.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये वीस हजारांवर चाचण्या पुरावा म्हणून बाद ठरवल्या. कॅलिब्रेशनच्या वेळी, म्हणजे दारूचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणावर मशीन जुळवून घेताना, त्या द्रावणाचं तापमान प्रमाणित थर्मामीटरनं तपासलंच नव्हतं.

घाटमाथा:
माझे मामा अशाच एका गाडीखाली गेले. काठावरच्या सगळ्यांना सोडून द्यायचं का?

तराजूवाला:
सोडा असं मी म्हणतच नाही, दादा. नीट मोजा म्हणतोय. ब्रिटनमध्ये ठाण्यावर श्वासाचे दोन नमुने घेतात आणि कमी असलेला धरतात. तिथेही पिणाऱ्यांना शिक्षा होतातच. ताई, चिठ्ठीवरच्या वेळा बघा, आणि मशीनचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते लेखी मागा.

नदीकाठ:
बघितल्या. ११:४२ आणि ११:४४. रक्त घेतलंच नव्हतं. अर्ज आज संध्याकाळी लिहिते.