लहान मुलांना दानीएल आणि सिंहांची गोष्ट सांगावी का?

खडकीची आई:
आमच्या रविवारच्या शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना बायबलमधली दानीएलाची गोष्ट शिकवली. दारयावेश राजाची मनाई असूनही तो दिवसातून तीनदा प्रार्थना करत राहिला, म्हणून त्याला सिंहांच्या गुहेत टाकलं आणि देवाने सिंहांची तोंडं बंद केली. मग मुलांकडून वदवून घेतलं, "विश्वास ठेवला की देव वाचवतो." माझ्या लेकीने आजोबांसाठी रोज प्रार्थना केली. ते गेले. आता ती विचारते, "माझा विश्वास कमी पडला का?" एवढ्याशा पोरीवर हा भार का? सुटकेच्या चमत्कारांच्या गोष्टी दहा वर्षांपर्यंत सांगूच नयेत. जखमी परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची सांगा, हरवलेल्या मेंढराची सांगा.

गुरुवार पेठ:
ताई, लेकीचं ऐकून गलबलून आलं. पण गोष्टच गाळा, हे पटत नाही. मी बरीच वर्षं रविवारची शाळा घेते. दानीएलाच्याच पुस्तकात तिसऱ्या अध्यायात मूर्तीला नमन केलं नाही तर पेटत्या भट्टीत टाकू, अशी धमकी मिळालेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तिघे नबुखद्नेस्सर राजाला सांगतात, आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. पण त्याने सोडवलं नाही, तरी तुझ्या मूर्तीला आम्ही नमन करणार नाही. हे दुसरं वाक्य मुलांना सांगितलंच जात नाही. खरा विश्वास तर तिथेच आहे. बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायातही सिंहांची तोंडं बंद करणारे आहेत आणि त्यांच्यापाठोपाठ दगडमार सोसून मेलेलेही आहेत. दोघांचाही विश्वास वाखाणला आहे.

कोथरूडकर:
मी ख्रिस्ती नाही, पण आम्हीही प्रल्हादाची गोष्ट अशीच सांगतो. तो आगीतून वाचतो, मूल खूश होतं. माझं मत कडक आहे: जाण येण्याआधी श्रद्धा शिकवू नये. अठरा वर्षांचं झालं की स्वतः ठरवेल.

गुरुवार पेठ:
दादा, आजी-आजोबा गेल्यावर मूल त्याच रात्री विचारतं. अठरा वर्षं थांबत नाही. तेव्हा त्याच्याजवळ काहीतरी हवं. आपल्या जिल्ह्यातलंच पाहा. केडगावच्या पंडिता रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा 1921 साली वारली. तरी बाई मराठी बायबलचं काम शेवटपर्यंत करत राहिल्या आणि 1922 मध्ये गेल्या. ही गोष्ट मी दानीएलाला लागूनच सांगते.

खडकीची आई:
भट्टीचं ते वाक्य मी लेकीला आजच वाचून दाखवीन. पण मग अब्राहामाचं काय? बाप मुलाला बळी द्यायला नेतो, हा विश्वासाचा धडा सात वर्षांच्या मुलाला कसा द्यायचा? ते मूल स्वतःला इसहाकाच्या जागी पाहणार.

गुरुवार पेठ:
इसहाक गप्प नाही ना! तो विचारतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, होमार्पणाचं कोकरू कुठे आहे? मी तिथेच थांबते आणि मुलांना म्हणते, देवाच्या वाटेवर चालतानाही प्रश्न विचारायचे असतात.

खडकीची आई:
विचारतो, पण बाप सगळं खरं सांगत नाही. देव बघून देईल एवढंच म्हणतो आणि वर जाऊन त्याला बांधतो. मोठ्या माणसाने बांधलं तरी गप्प राहा, असं कुठल्याही मुलाच्या मनात जाता कामा नये. दानीएलाबद्दल तुमचं मान्य. अब्राहाम मात्र दहाव्या वर्षाआधी नाही.