मदत हवी आहे: हायस्कूल प्लेऑफचं थेट प्रक्षेपण, त्याची फी आणि गेट (तिकिटांची कमाई)

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका लहान गावात राहतो. मुलगी हायस्कूलच्या व्हॉलीबॉल टीममध्ये सेटर आहे. मी पालकांच्या बूस्टर क्लबमध्ये (शाळेच्या टीमला मदत करणाऱ्या मंडळात) आहे आणि घरच्या मैदानावरच्या मॅच यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं काम सीझनभर माझ्याकडे होतं. व्यवस्था साधीच: जिमच्या बाल्कनीच्या कठड्याला क्लॅम्पने बसवलेला कॅमेरा, एक लॅपटॉप आणि स्कोअर सांगायला अकरावीतला एक मुलगा. सांगलीला सासू-सासरे पहाटे साडेपाचला चहा घेऊन टीव्हीसमोर हजर. सासरे स्वतः खेळलेले, त्यामुळे मॅच संपली की लगेच फोन: "दुसऱ्या सेटमध्ये ती नेटपाशी उशिरा का पोचत होती?"

आता प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) लागले आणि कळलं की त्यांचे प्रक्षेपण हक्क शाळेकडे नसतात, शालेय खेळांच्या राज्य संघटनेकडे असतात. आपण दाखवायचं तर आधी परवानगी, वर फी. नाहीतर लोकांनी सबस्क्रिप्शन घेऊन बघायचं. आमच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरांचं (शाळेच्या क्रीडाप्रमुखांचं) म्हणणं, फुकट दाखवलं तर लोक घरी बसतील आणि गेट पडेल.

मला हे पटत नाही. पुढची मॅच मधल्या वारी, दोन तासांच्या अंतरावर आहे. जे येणार ते येणारच: आईवडील, भावंडं, मागच्या वर्षीच्या सीनियर मुली. लाइव्ह बघतात ते रात्रपाळीवाले, तान्ही बाळं घरात असलेले आणि आजी-आजोबा. यांचं तिकीट एरवीही खपलं नसतं. पण पंचांचं मानधन तिकिटांतूनच निघतं, हेही खरं. म्हणून फी भरायला माझी ना नाही. ती क्लबने भरावी की गावातल्या दुकानदारांकडून मिळवावी? तुमच्या शाळेत काय केलं? आणि स्टँडमधून सासऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल लावला तर तेही प्रक्षेपण धरतात का?

विस्कॉन्सिनकर:
परवानगीशिवाय लाइव्ह अजिबात करू नका. आमच्याकडे हे थेट कोर्टात गेलं होतं. 2008 मध्ये गॅनेट कंपनीच्या वृत्तपत्राने फुटबॉलच्या चार प्लेऑफ मॅच परवानगी न घेता, फी न भरता इंटरनेटवर दाखवल्या. 2011 मध्ये सातव्या सर्किटच्या फेडरल अपील कोर्टाने राज्य संघटनेच्या बाजूने निकाल दिला. बातमी द्या, फोटो छापा, मुलाखती घ्या. पण अख्खी मॅच दाखवायचा हक्क संघटना एकाला विकू शकते. व्हिडिओ कॉलचं उत्तर तुमच्या संघटनेच्या नियमावलीतच शोधा, दारावरच्या माणसाच्या तोंडी होकारावर जाऊ नका.

ओहायोची_मावशी:
ताई, गेट पडायची भीती फार जुनी आहे. 1961 च्या फेडरल कायद्याने एनएफएलला (व्यावसायिक फुटबॉल लीगला) टीव्ही हक्क एकत्र विकायची सवलत दिली, आणि 1966 मध्ये त्यात हायस्कूलसाठीही अट घातली की सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत, शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर हायस्कूल फुटबॉलच्या मॅचपासून 75 मैलांच्या आतल्या टीव्ही केंद्रांवरून व्यावसायिक सामने दाखवायचे नाहीत. पण ती अट व्यावसायिक फुटबॉलने शाळेचा प्रेक्षक पळवू नये म्हणून होती. आपल्याच टीमची मॅच सांगलीतल्या आजोबांनी बघितली तर गेटवरचं एक तिकीटही कमी होत नाही. डायरेक्टरांना नेमकं हेच सांगा. फीसाठी दुकानदार नक्की तयार होतात, फक्त त्यांची नावं स्क्रीनवर दाखवायची मुभा आहे का ते आधी विचारून घ्या.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. उद्या सकाळीच संघटनेला ईमेल करते: फी एका मॅचची की पूर्ण फेरीची, प्रायोजकांची नावं चालतात का, आणि लाइव्ह नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग टाकता येईल का. आणखी काही विचारायचं राहत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.