शेतावर बिनपगारी शिकायला जाणं : अनुभव आणि सल्ले लिहा

लिंबूटिंबू_नागपूर
कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराची संत्री यायला लागली की जुनी बाग आठवते, आणि यंदा तर घरातच विषय निघालाय. भाच्याला काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत तीन महिने शिकायला बोलावलंय. राहणं-जेवण मालकाकडे, पगार नाही. पोरगा खूशही आहे आणि खट्टूही. घरचे म्हणतात, डिग्री घेऊन फुकट राबायचं का? ज्यांना माहिती आहे त्यांनी नेमकं लिहा, मोघम नको.

धुऱ्यावरून
पगाराचं नंतर. आधी मालकाला विचारा, बहार विकला का? आपल्याकडे बरेच जण झाडावरची फळं व्यापाऱ्याला उक्ती देऊन मोकळे होतात. मग तोडणी, प्रतवारी, कॅरेट भरणं सगळं व्यापाऱ्याची माणसं करतात आणि शिकाऊ पोरगा बाजूला उभा. बहार मालकाच्या हातात असेल तर ऑक्टोबर ते डिसेंबर सोन्यासारखे. फळ कात्रीनं देठाशी कापायचं. ओढून तोडलं तर देठापाशी साल फाटते आणि तिथूनच सड सुरू होते.

वावरवाली
+१. आणि तीन महिन्यांऐवजी जानेवारीअखेरपर्यंत थांबू द्या. तोडणी झाली की सल, म्हणजे वाळलेल्या काड्या काढायच्या, मग ताण, म्हणजे फुलोऱ्यासाठी झाडाचं पाणी बंद. खरं शिक्षण तिथे आहे. हलक्या जमिनीत महिनाभर पाणी तोडलं तरी भागतं, भारी काळ्या मातीत दीड-दोन महिने लागतात. पानं दुपारी मलूल दिसायला लागली, थोडी गळाली, की ताण बसला समजायचं. ताण तोडताना पहिलं पाणी हलकं, मग वाढवत न्यायचं. एकदम भरपूर सोडलं तर फूल गळतं. हे पुस्तकात दोन ओळीत असतं, पण किती मलूल म्हणजे पुरे ते झाडापाशी उभं राहूनच कळतं.

तर्री_जास्त
काहून एवढा इचार करून रायले बाप्पा! जाऊ द्या ना पोराले. सोबत जाड पांघरूण द्या फक्त, डिसेंबरात काटोलची थंडी मजाक नाही.

मोरचूद
बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीवरचं औषध, स्वतःच्या हातानं करू द्या. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवायचे आणि तिसऱ्या भांड्यात एकदमच ओतत ढवळायचे. लोखंडी बादली चालत नाही. मग लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं करपतात. त्याच दिवशी संपवायचं. खोडाला लावायच्या मलमात पाणी १० लिटरच. डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळतो तो रोग) ते जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

वावरवाली
@मोरचूद आणि आळं दुहेरी हवं हेही सांगा. पाणी खोडाला टेकलं की कितीही मलम लावा.

कागदपत्रवाले_काका
विम्याचं कुणी बोलत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना शेतकरी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे, बाहेरून आलेला शिकाऊ त्यात बसत नाही. बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा योजना काढून द्या, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. आणि एका कागदावर लिहून घ्या: कामाचे तास, सुटीचा वार, काय शिकवणार. निंदण, कॅरेट उचलणं, फवारणीचं पाणी भरणं रोजच लावलं तर तो शिकाऊ राहिलाच नाही. रोजदाराच्या जागी उभा केलेल्या माणसाला रोजी द्यायची असते. मालक चांगला असला तरी.

धुऱ्यावरून
काका बरोबर. पण चार दिवस निंदण करावंच. त्याशिवाय बायांच्या रोजीचा खर्च बागेला किती लागतो ते कसं समजणार?

लिंबूटिंबू_नागपूर
सल आणि ताण दोन्ही विचारतो. फवारणीचं काय?

मोरचूद
डब्यावर लाल त्रिकोण दिसला की शिकाऊनं हात लावायचा नाही, सरळ नाही म्हणायचं. बाकीच्या औषधांना हातमोजे, मास्क, वाऱ्याकडे पाठ, उपाशीपोटी नाही. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे.

ओलीतवाला
शेतपंपाची वीज काही वेळा रात्रीच्या पाळीत असते. रात्री ओलीत असेल तर गमबूट आणि चांगला टॉर्च द्या. साप चावला तर घट्ट बांधणं, कापणं काही नाही, पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय. सापाच्या विषावरची लस कुठे मिळते ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

तर्री_जास्त
झाडाले खत म्हणून देतेत त्या जीवामृतात २ किलो बेसन आन २ किलो गूळ टाकतेत म्हणे. आमच्या घरी कोणी सांगू नका, बायको भजे मागन.

वावरवाली
😂 २०० लिटरच्या टाकीत १० किलो शेणही असतं, ते सांगा त्यांना.

लिंबूटिंबू_नागपूर
कागद आजच लिहायला घेतो. काटोलची एसटी गणेशपेठहूनच ना?

ओलीतवाला
हो. इटारसी लाईनवर रेल्वेही आहे, गाडी काटोलला थांबते का ते बघून घ्या.