मदत हवी आहे: गेममधला लॅग नेमका कोणामुळे? केबलवाला, गेमवाले की घरचा वायफाय?

डाव_अर्धवट:
नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. घरी लोकल केबलवाल्याचं फायबर आहे, ५० एमबीपीएसचा प्लॅन. चार दोस्तांचा स्क्वॉड: एक पुण्यात, एक नागपुरात, आम्ही दोघं गावातच. दिवसा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) ३५-४०, गेम मस्त चालतो. संध्याकाळी साडेसातनंतर मात्र २००, ३००, मध्येच ९९९. समोरचा गडी इथून तिथं उड्या मारतो, मी भिंतीमागं पोचलेला असतो तरी मरतो. व्हॉइस चॅटवर माझा आवाज तुटतो, पण मला पडणाऱ्या शिव्या तेवढ्या अखंड ऐकू येतात.

केबलवाल्याला फोन केला तर म्हणाला, "भाऊ, स्पीडटेस्ट लावून पाहा ना." लावली तर खरंच ४६-४८ येतात. "मंग आपल्याकडून ओके हाय. तुमच्या गेमचा सर्व्हरच खराब असन." गेमवाल्यांना लिहिलं तर छापील उत्तर आलं: आपल्या इंटरनेट पुरवठादाराशी संपर्क साधा. पुण्याचा दोस्त म्हणतो फोनच डबडा आहे. बाबा म्हणतात गेमच बंद कर.

जबाबदार कोण हे ठरवायचं कसं? लॅपटॉप आहे घरी. केबलवाल्यापुढं ठेवता येईल असा पुरावा पाहिजे. गावात दुसरा केबलवाला नाही, त्यामुळं भांडण परवडत नाही. मोबाइल डेटाचं म्हणाल तर घरात दोनच कांड्या.

ठेचा_भाकर:
काऊन डोकं लावतं बे, दिवसा खेळत जाय. रात्री तसंही वावरात मोटर चालू कराले जा लागते.

स्प्लिटर_१६:
मी अमरावतीकडं फायबरचं काम करतो, म्हणून जरा लांबड लावतो.

पहिलं म्हणजे स्पीडटेस्टवर जाऊ नका. गेमला डेटा फार थोडा लागतो, २ एमबीपीएसमध्येही चालतो. त्याला पाहिजे ते डेटाचं पाकीट वेळेवर जाणं आणि वेळेवर परत येणं. त्यात स्पीडटेस्ट बहुतेक वेळा जवळचाच सर्व्हर निवडते, कधी कधी तर पुरवठादाराच्याच जाळ्यातला. म्हणजे गावातला रस्ता मोकळा दिसतो, पण पुढं हायवेवर जाम आहे की नाही ते कळत नाही.

अंतराचा हिशोब सरळ आहे. फायबरमध्ये उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. दारव्हा ते मुंबई सहा-सातशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद झाले. वळसे आणि मधली यंत्रं धरून ३०-४० होतात, म्हणजे तुमचा दिवसाचा आकडा एकदम रास्त आहे. सर्व्हर सिंगापूरला असेल तर नुसत्या मुंबईच्या पुढच्या केबलचेच ४० च्या वर वाढतात, त्याला कोणीच काही करू शकत नाही. म्हणून आधी गेमच्या सेटिंगमध्ये कोणता रीजन (कुठल्या भागातला सर्व्हर) निवडला आहे ते बघा. स्क्वॉडमधल्या एकाने भलताच निवडला असेल तर सगळेच भोगतात.

मग लॅपटॉप राउटरला वायरने जोडा. एका खिडकीत राउटरला (१९२.१६८.१.१ किंवा तुमचा जो पत्ता असेल तो) पिंग सतत चालू ठेवा, दुसरीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर). सोबत ट्रेसरूट, म्हणजे वाटेतल्या एकेका यंत्रापर्यंत किती वेळ लागतो ते ओळीओळीनं दाखवणारी चाचणी. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. तेच वायफायवरही करा. घरातले बाकी फोन तेवढा वेळ बंद ठेवा, कारण कोणाचे फोटो गूगलवर चढत असले की अपलोड तुंबते आणि पिंग वाढतो. मग उगाच केबलवाल्याच्या नावानं बोंब.

ट्रेसरूटमध्ये मधलीच एक ओळ मोठी दिसली आणि पुढच्या ओळी नीट असल्या तर ती सोडून द्या. तसले राउटर अशा चाचणीला सवडीनं उत्तर देतात. ज्या ओळीपासून पुढचं सगळंच वाढतं, तिथं दुखणं आहे.

पुणेरी_नूब:
आणि पिंग हिरवा, म्हणजे कमी, असताना गेम अडखळत असेल तर ते नेटचं नाहीच. मे महिन्यात तुमच्याकडं पारा ४५ वर जातो. फोन तापला की तो स्वतःच प्रोसेसर मंद करतो आणि फ्रेम पडतात. दोन्हीला लोक लॅगच म्हणतात, म्हणून भांडणं लागतात.

डाव_अर्धवट:
केलं सगळं. रीजन बरोबर आहे.

वायरने राउटरला १ मिलिसेकंद, सकाळी आणि रात्रीही. वायफायवर तोच आकडा ३ वरून १४० पर्यंत नाचतो. राउटर खिडकीपाशी आहे आणि खिडकीला कूलर, मी पलीकडच्या खोलीत. रात्री वायरवर ट्रेसरूट: केबलवाल्याची पहिली ओळ ४, त्याच्या पुढची २१०, आणि तिथून शेवटपर्यंत २०० च्या वर. सकाळी तीच ओळ १२.

स्प्लिटर_१६:
मग दोन गुन्हेगार निघाले, आणि दोघांचा हिशोब वेगळा.

कूलर म्हणजे पत्र्याची पेटी आणि आत पाणी. वायफाय अडवायला याहून चांगली वस्तू सापडत नाही. राउटर तिथून काढून उंचावर, आलमारीपासून लांब लावा. त्याच खोलीत बसणार असाल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा, भिंत ओलांडायची तर ते कमजोर पडतं. सगळ्यात भारी म्हणजे लांब लॅन केबल टाकून द्या.

दुसरं केबलवाल्याच्या पुढचं. तो वरच्या मोठ्या कंपनीकडून ठरावीक बँडविड्थ घेऊन गावोगावी वाटतो. रात्री सगळे मोबाइल, टीव्ही एकदम सुरू होतात आणि त्याची वरची लिंक भरते. तुमच्या घरच्या वायरचा काही दोष नाही. तरी राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर (फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद) बघून ठेवा: उणे २७ डीबीएमच्या खाली गेली तर तुमच्या लाइनीत जोड खराब आहे किंवा नळयोजनेच्या जेसीबीनं वायर ताणली आहे. तो बिघाड मात्र सकाळीसुद्धा त्रास देतो, फक्त रात्री नाही.

ठेचा_भाकर:
आणि भिंतीमागं मरते ते? त्याचं कोण?

पुणेरी_नूब:
ते गेमवाल्यांचं ठरवलेलं गणित. गोळी मारणाऱ्याच्या स्क्रीनवर तू तेव्हा भिंतीबाहेर होता, सर्व्हर थोडा मागं जाऊन ते मान्य करतो. नाहीतर जास्त पिंगवाल्याची एकही गोळी लागली नसती. पिंग जितका जास्त, तितका हा घोळ मोठा. म्हणजे खेड्यातल्या पोरालाही खेळता यावं म्हणूनच ते आहे, फक्त मरणाऱ्याला ते पटत नाही.

डाव_अर्धवट:
कूलरपासून राउटर हलवला, वायफायचा आकडा ८ वर आला. आता केबलवाल्याला काय म्हणू?

स्प्लिटर_१६:
"नेट खराब आहे" म्हणू नका. सकाळचा आणि रात्रीचा ट्रेसरूट शेजारी शेजारी लावून दाखवा, म्हणा तुमच्या ४ च्या पुढं २१० होतात, वरची लिंक वाढवा. लिंक भरली हे त्याला माहीत असतं, फक्त कोणी आकड्यात विचारत नाही.

नाही ऐकलं तर बिल बघा. त्यावर ज्या परवानाधारक कंपनीचं नाव असेल तिच्या कस्टमर केअरला तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं. थेट ट्रायला (दूरसंचार नियामकाला) लिहायला जाऊ नका, ते एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत.

आणि गावातली पाच-सहा पोरं मिळून एकाच रात्रीचे आकडे काढा. एकट्याचं तो घरचं दुखणं म्हणून उडवून लावेल.