मदत हवी आहे: टंडिशचा नोझल चोक होतोय, मोल्डची लेव्हल टिकत नाही

आमच्या बिलेट कास्टरवर (वितळलेलं पोलाद साच्यात, म्हणजे मोल्डमध्ये, सलग ओतून कांड्या काढणारं यंत्र) ॲल्युमिनियम-किल्ड ग्रेड (ॲल्युमिनियम घालून ऑक्सिजन काढलेलं पोलाद) लागला की दुसऱ्या-तिसऱ्या हीटपासून (लॅडलभर पोलादाची एक खेप) स्टॉपर, म्हणजे मोल्डवरच्या टंडिश या पात्रातून नोझलवाटे किती पोलाद सोडायचं ते ठरवणारा दांडा, हळूहळू वर चढत जातो. मग नोझलला चिकटलेला थर अचानक सुटतो आणि मोल्डमधली पातळी एकदम उसळते. मोल्डमध्ये पोलादावर टाकलेली पावडर आत ओढली जाते, ब्रेकआउटची (गोठलेलं कवच फुटून पोलाद बाहेर सांडण्याची) धास्ती वेगळीच. सिलिकॉन-किल्ड ग्रेडला (ॲल्युमिनियमऐवजी सिलिकॉन घातलेला) हा त्रास नाही. नोझल फोडला तर आत पांढरट, खरखरीत ॲल्युमिना (ॲल्युमिनियम ऑक्साइड). कॅल्शियम वायर देतो, पण गंधक जास्त असलं की कॅल्शियम सल्फाइड होऊन उलट जास्तच चोक होतं. नोझलमध्ये सोडतो तो आर्गॉन वायू वाढवला की पातळी खदखदते.

लॅडल श्राउडच्या (लॅडलमधून टंडिशमध्ये पोलाद उतरवणारी नळी) सांध्यातून हवा शिरतेय असा माझा दाट संशय आहे. लॅडल आणि टंडिशच्या नमुन्यांतला नायट्रोजन ताडून ते पक्कं कळेल का? मोल्डपाशी पोरं उभी असतात हो, जाणकारांनी कृपया लवकर सांगा.