निम्मी फी माफ की जिल्ह्याचं नवं सरकारी? एमबीबीएसचा पसंतीक्रम

पसंतीक्रम

एमबीबीएस प्रवेशासाठी महाविद्यालयांचा क्रम लावायचाय. प्रकरण थोडक्यात असं. मुलगा, खुला गट, वडील नोकरदार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेसहा लाख. नीटचे गुण अशा ठिकाणी अडकलेत की जुनी सरकारी महाविद्यालयं हाताला लागत नाहीत. उरतात तीन पर्याय.

क – २०२४ मध्ये सुरू झालेल्या दहा नव्या सरकारी महाविद्यालयांपैकी एखादं (हिंगोली, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली वगैरे). फी वर्षाला १ लाख ४० हजार धरा.

ख – पंचवीस वर्षं जुनं खासगी महाविद्यालय, राज्य कोट्यातून. शिक्षण शुल्क ९ लाख, वर विकास शुल्क ९० हजार. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून, म्हणजे ज्याला सगळे ईबीसी म्हणतात त्यातून, निम्मी माफी.

ग – अभिमत विद्यापीठ. फी २२ लाख, सोबत '५० टक्के गुणवत्ता सवलत' असं पत्र.

माझं मत ख. साडेचार लाखांत चालतं रुग्णालय, पीजीची (पदव्युत्तर शिकणारी) मुलं आणि तयार वसतिगृह मिळतंय. क मध्ये इमारतीलाच अजून प्लास्टर व्हायचंय. उलट मत असेल तर आकडे घेऊन या.

चक्रवाढ

आकडे घेऊन आलोय. पहिली चूक तुमच्या मांडणीतच आहे: ईबीसी काय फक्त ख ला लागू होते? तोच विद्यार्थी, तेच उत्पन्न, सरकारी महाविद्यालयातही शिक्षण शुल्क निम्मं होतं. सगळे खासगीची सवलत मोजतात आणि सरकारीची मूळ फी धरून तुलना करतात.

दुसरी चूक. माफी शिक्षण शुल्काची आहे, विकास शुल्काची नाही. म्हणजे ख मध्ये खिशातून वर्षाला ४.५० लाख नव्हे, ५.४० लाख. साडेचार वर्षांचे २४.३० लाख. वसतिगृह आणि मेस वर्षाला दीड लाख, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, ८.२५ लाख. बेरीज ३२.५५ लाख.

क मध्ये माफीनंतर किरकोळ शुल्कांसह ९० हजार धरा. साडेचार वर्षांचे ४.०५ लाख. वसतिगृह तयार नाही, खोली भाड्याने घ्यावी लागली असं समजून जेवणासह महिना ८ हजार, साडेपाच वर्षांचे ५.२८ लाख. एकूण ९.३३ लाख. वर इंटर्नशिपचं विद्यावेतन: सरकारीत २०२४ पासून महिना १८ हजार, म्हणजे वर्षाचे २.१६ लाख परत येतात. अनेक खासगी महाविद्यालयं विद्यावेतन देतच नाहीत किंवा कागदोपत्री देतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला त्यावरून नोटिसा काढाव्या लागल्या. तेव्हा ख मध्ये ते शून्य धरलं. फरक सुमारे २५ लाखांचा. तुमच्या प्लास्टरची किंमत २५ लाख.

ग वर वेळ घालवत नाही. त्या पत्रातली सवलत बहुधा पहिल्या वर्षापुरती असते. ११ अधिक साडेतीन वर्षांचे ७७, झाले ८८ लाख, मेस वेगळी. पत्रात 'दरवर्षी' हा शब्द आणि पुढच्या वर्षांसाठीची गुणांची अट शोधा. नसेल तर ते पत्र म्हणजे जाहिरात.

ओपीडी क्रमांक ७

चक्रवाढ, हिशेब बरोबर, पण तुम्ही डॉक्टरकी विकत घेताय की फ्रीज? क ची पहिली तुकडी २०२४ ची. म्हणजे तिथे आज एकही इंटर्न नाही. रात्री अकराला वॉर्डात शिकवतो तो प्राध्यापक नसतो, पीजीचा रेसिडेंट असतो. सलाईनची शीर कशी धरायची, केसपेपर कसा लिहायचा, युनिट हेडसमोर केस कशी सांगायची हे सगळं वरच्या मुलांकडून खाली येतं. ती साखळीच नसेल तर पुस्तकं घरीही वाचता येतात.

शिवाय नव्या ठिकाणी शिक्षकांची पदं प्रतिनियुक्तीवर आणि कंत्राटावर भरलेली असतात. शरीरक्रियाशास्त्राचा माणूस मार्चमध्ये बदलून गेला की ऑगस्टपर्यंत खुर्ची रिकामी. २५ लाख मोठे आहेतच, पण चाळीस वर्षांच्या प्रॅक्टिसचा पाया साडेपाच वर्षांत घातला जातो. माझं मत ख.

वऱ्हाडी ठेचा

पीजी नाहीत हा तोटा आहे तसा फायदाही आहे, भाऊ. जिथे रेसिडेंट भरपूर तिथे इंटर्न रक्ताचे नमुने घेऊन लॅबला पळतो आणि प्रसूती लांबून पाहतो. नवी सरकारी महाविद्यालयं जिल्हा रुग्णालयांना जोडलेली आहेत. सर्पदंश, फवारणीची विषबाधा, रस्त्यावरचे अपघात, रात्रीची बाळंतपणं तिथे आधीपासून येतच होती, ती महाविद्यालयामुळे आलेली नाहीत. ज्या खासगीत खाटा तपासणीच्या दिवशी भरतात आणि एरवी पंखे फिरतात, तिथे साखळी असून काय उपयोग?

नियमाने १०० जागांना ४२० खाटा लागतात, १५० ला ६०५. त्या आहेत का हे विचारू नका, त्यावर कोण झोपलंय ते बघा. पाहणीची रीत सोपी आहे. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी ११ वाजता कोणालाही न कळवता जा. केसपेपरच्या खिडकीवर त्या क्षणी कितवा क्रमांक चालू आहे ते पाहा. मग मेडिसिनच्या पुरुष वॉर्डात: उशाशी पाण्याची बाटली, डबा, खाटेखाली चपला आहेत का? नातेवाईक नसलेला वॉर्ड हा वॉर्ड नसतो. शेवटी प्रसूतिगृहाबाहेरच्या नोंदवहीबद्दल सिस्टरला विचारा, काल किती झाल्या. शून्य किंवा एक असेल तर पंचवीस वर्षांचं वय विसरा.

ओपीडी क्रमांक ७

पाहणी मान्य. पण तीच पाहणी क ची पण करा! विच्छेदनाच्या एका टेबलाभोवती किती मुलं उभी असतात, ग्रंथालय रात्री किती वाजता बंद होतं, मुलांना वर्गातून वॉर्डात जायला किती किलोमीटर बस लागते. नव्या ठिकाणी वर्ग एका इमारतीत आणि रुग्णालय गावाच्या दुसऱ्या टोकाला, हे सर्रास चालतं.

शेवटचा बाक

मला एक कळत नाही, सगळे मुलगा गृहीत धरून भांडताय. मुलगी असती तर? ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक-शैक्षणिक मागास (एसईबीसी) आणि ओबीसीच्या मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. खासगीतसुद्धा, मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोटा नाही, अभिमत विद्यापीठं नाहीत.

मग ख चा हिशेब: ९० हजार गुणिले साडेचार, ४.०५ लाख, अधिक मेस-वसतिगृह ८.२५. साडेबारा लाखांच्या आत. क मध्येही तिचं शिक्षण शुल्क माफ धरलं तर फरक आठेक लाखांचा उरतो. तिथे मी डोळे झाकून ओपीडीवाल्यांच्या बाजूने. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचंही तसंच, त्यांचं खासगीतलं शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती किंवा फ्रीशिपमधून (शुल्कमाफीतून) जातं. तेव्हा 'सरकारी की खासगी' हा प्रश्न सगळ्यांना एकाच तराजूत घालून सुटणारा नाही. खुल्या गटातल्या मुलाला मात्र निम्मी माफी ही जरा फसवीच. निम्मं शून्य नसतं.

पसंतीक्रम

मुलगाच आहे. वडिलांचं म्हणणं, फरकाचं कर्ज काढू, डॉक्टर झाल्यावर फेडेल.

चक्रवाढ

काढा, पण कागदावर मांडून. ख ची फक्त फी कर्जातून: ५.४० लाखांचे चार हप्ते आणि २.७० लाखांचा एक. दर १० टक्के, सवलतीच्या काळात सरळव्याज. परतफेड सुरू होते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने, म्हणजे पहिला हप्ता उचलल्यापासून साडेसहा वर्षांनी. पहिल्या चार हप्त्यांचं व्याज १०.८० लाख, शेवटच्याचं साधारण ६८ हजार. मुद्दल २४.३० चं ३५.७८ लाख होऊन उभं राहतं. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला ४७ हजारांवर हप्ता. त्या वेळी मुलगा एकतर नीट-पीजीचा अभ्यास करत असणार, नाहीतर रेसिडेंट असणार. हप्ता वडीलच भरणार, निवृत्तीच्या तोंडावर.

साडेसात लाखांच्या वर बँक सहसा तारण मागते. कोणी म्हणेल केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी कर्ज योजनेत व्याजात ३ टक्के सूट आहे. आहे, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, उत्पन्न ८ लाखांपर्यंत. पण संस्था योजनेच्या यादीत हवी, आणि दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा लाभार्थी तिथे चालत नाही. ईबीसी घेतली की ही सूट गेली. दोन्ही मिळतील असं धरून चालणारे मे महिन्यात बँकेत जाऊन परत येतात.

खर्डेघाशी

मोठमोठे आकडे झाले, आता महाडीबीटीचं, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं बोला. कारण शिष्यवृत्ती मंजूर होणं आणि हातात पडणं यांत बरंच अंतर असतं.

पैसे मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यावर येतात. तुम्ही अर्जासोबत पासबुक जोडलंय त्या खात्यावर नव्हे, तर शेवटचं आधार ज्या बँकेत जोडलं गेलं त्या खात्यावर. दहावीत कुठल्यातरी मेळाव्यात उघडलेलं शून्य शिलकीचं खातं असेल तर रक्कम तिकडे धावते. ते 'छोटं खातं' असेल तर वर्षभरात एक लाखाच्या वर जमाच होत नाही. लाखांतली रक्कम परत फिरते आणि पोर्टलवर नुसतं 'फेल' दिसतं. म्हणून प्रवेशाच्या आधी आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघा, नको असलेलं खातं सोडवा आणि केवायसी पूर्ण असलेलं एकच खातं ठेवा.

दुसरं, उत्पन्नाचा दाखला. आज साडेसहा लाख. पगार आणि महागाई भत्ता मिळून वर्षाला सात टक्के वाढले तर चौथ्या वर्षी ७.९६ आणि पाचव्या वर्षी ८.५२ लाख. दाखल्याची मुदत संपली, नवा काढला आणि आकडा ८ च्या वर गेला की निम्मी माफी तिथेच संपली. ख चा हिशेब करताना शेवटच्या सहामाहीचं शिक्षण शुल्क पूर्ण धरा, म्हणजे सव्वादोन लाख जादा. वडिलांना त्याआधीच बढती मिळाली तर आनंदाबरोबर वर्षाला साडेचार लाखांचा खड्डा.

तिसरं, ईबीसी कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते. थोरल्या दोघांनी इंजिनिअरिंगला घेतली असेल तर धाकट्याला नाही. हे फॉर्म भरताना कळून उपयोग नाही.

आणि नापास झाला तर? वर्ष पुन्हा केलं तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती विसरा. सरकारीत ते परवडतं. खासगीत पूर्ण फी.

ओपीडी क्रमांक ७

पहिल्या वर्षी नापास होण्याची भीती घालून मुलाला पाठवायचं असेल तर कुठेच पाठवू नका. असो. बंधपत्राबद्दल कोणीच बोललं नाही. सरकारीत एक वर्ष सेवा, नाहीतर १० लाख. ते क च्या खात्यात खर्च म्हणून मांडा की.

वऱ्हाडी ठेचा

खर्च कसला? त्या वर्षाचा पगार मिळतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने निर्णय घ्यायला लागतात. १० लाख भरणाऱ्याला खर्च. आणि ख मध्ये सरकार निम्मी फी भरतंय, तेव्हा माहितीपुस्तिकेतलं बंधपत्राचं कलम तिथेही वाचून घ्या, खासगी म्हणून मोकळे असं गृहीत धरू नका.

एएफएमसीचं (पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाचं) नाव अजून कोणी काढलं नाही म्हणून मीच काढतो. फी शून्य, पण लष्करी वैद्यकीय सेवेचं बंधन. तो फीचा नव्हे, वर्दीचा निर्णय. इथे नको.

पसंतीक्रम

समजा क वर घेतलं, ख खाली. पहिल्या फेरीत ख लागलं तर?

खर्डेघाशी

ख ला प्रवेश घ्या आणि 'स्टेटस रिटेन्शन'चा फॉर्म भरू नका. तो भरला की पुढच्या फेरीतली बढती बंद. लोक हौसेने भरतात, कारण कार्यालयातला बाबू 'जागा पक्की होते' म्हणतो. पक्की होते ती ख ची. उलट दुसऱ्या फेरीत क लागलं की ख आपोआप सुटतं, तिथे परत जाता येत नाही. म्हणून यादीत ख च्या वर असं एकही नाव नको जे लागल्यावर तोंड वाकडं होईल.

ग साठी एमसीसीकडे (देशपातळीवर प्रवेशफेऱ्या घेणाऱ्या समितीकडे) २ लाख अनामत लागते, ती आत्ताच अडकवू नका.

ओपीडी क्रमांक ७

माझं मत बदललेलं नाही. मंगळवारी दोन्हीकडे जाऊन या. ख चा वॉर्ड भरलेला आणि क मध्ये शरीररचनाशास्त्राला दोनच शिक्षक, असं दिसलं तर २५ लाख हा महाग पण प्रामाणिक सौदा आहे.

चक्रवाढ

आणि ख चा वॉर्ड रिकामा दिसला तर?

ओपीडी क्रमांक ७

तर क. तेवढं मी कधी नाकारलं?

पसंतीक्रम

मंगळवारी ख, बुधवारी क. आधार जोडणी आत्ता पाहिली: एका सहकारी बँकेचं खातं दाखवतंय, जे घरात कोणाला आठवत नाही.

खर्डेघाशी

मग सोमवारी आधी तिकडे जा.